पितळेवरचं घासता येतं

४ मार्च

हिने आज ही वही आणून दिली. म्हणाली, "तुम्हाला दिवसभर कोणाला ना कोणाला काहीतरी सांगायचं असतं. आता या वहीला सांगा. माझे कान जरा विसावतील." बायकोने आपण होऊन घरात सवत आणावी, ही गंमतच. पण कागद जाड आहे आणि शाई फुटत नाही, तेव्हा तक्रार नाही.

तर मी खोदकाम करणारा. दारावरच्या पाट्या, शाळांच्या ढाली, घड्याळांच्या पाठीवरची नावं. खाली दुकान, वर घर. अक्षर नीट बसलं की मला जेवण गोड लागतं आणि नाही बसलं तर ही सांगेल काय होतं ते.

गेल्या वर्षी लेकीने दुकानाच्या कोपऱ्यात बुटाच्या खोक्याएवढं एक मशीन आणून ठेवलं. ती एका आभासी चलनाचं सॉफ्टवेअर लिहिते, त्याचं हे मशीन. त्या चलनाचा प्रत्येक व्यवहार, अगदी पहिल्या दिवसापासूनचा, यात आपोआप येऊन साठतो. अशी हजारो मशीनं जगभर लोकांच्या घरांत आहेत आणि सगळ्यांत तेच आणि तसंच साठतं. एकाने खाडाखोड केली तर बाकीची मशीनं त्याला खोटं पाडतात. मला ही कल्पना फार आवडली. एकदा लिहिलं की लिहिलं. मी त्यावर रोज फडकं मारतो.

समोरच्या दातांच्या डॉक्टरनेही तसंच मशीन घेतलंय. माझं बघून घेतलं, पण ते तो कबूल करायचा नाही.

९ मार्च, रविवार

लेक, जावईबापू आणि भिंगरी जेवायला आले होते. भिंगरी म्हणजे आमची नात, तिसरीत आहे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी.

जेवताना लेकीशी वाद झाला. त्या चलनात प्रत्येक व्यवहाराला एक टीप जोडता येते, जेमतेम दोन ओळींची. आता काही जणांचं म्हणणं की ही मर्यादा काढून टाका. पानंच्या पानं लिहू द्या, फोटो जोडू द्या, वाटेल ते. त्यासाठी नवी आवृत्ती आलीय. मशीनवाल्यांनी ती घालायची की जुनीच ठेवायची ते आपापलं ठरवायचं. जिकडे जास्त मशीनं, तिकडे नेटवर्क. लेक आणि तिचे सोबती विरोधात आहेत.

"बाबा, ही जागा व्यवहारांसाठी आहे," ती म्हणाली. "वाटेल ते आत येऊ दिलं की वाटेल ते येणारच. आणि एकदा आलं की ते कोणाला काढता येणार नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही."

"मग वाईट काय त्यात? माझा धंदाच तो आहे."

"तुमची पितळेची पाटी निदान घासता तरी येते."

मी म्हणालो, घासता येते म्हणूनच तर गिऱ्हाईक सोकावतं. आधी हो म्हणतं, मग आडनावाआधी डॉक्टर लावा म्हणतं. जावईबापू मान खाली घालून जेवत होते. आमच्या घरातल्या वादात ते नेहमी जेवणाची बाजू घेतात. शहाणा माणूस आहे.

भिंगरीने मध्येच विचारलं, "त्यात माझं नाव लिहिता येईल?"

"नाही," लेक म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की ही वाढता वाढता थांबली.

मला वाटतं लेकीला कामाचा ताण आहे.

१२ मार्च

डॉक्टर दुपारी आला. त्याच्याकडे दुपारी कोणी येत नाही, जेवल्यावर कोण दात दाखवणार. म्हणाला, "अहो, तुम्ही अक्षरवाले. लिहिण्यावर मर्यादा घाला असं तुम्हीच म्हणायला लागलात तर झालंच." बरोबर बोलला. दोघांनी मिळून नवी आवृत्ती घातली. आधी त्याच्या मशीनवर, मग माझ्या.

लेकीला सांगितलं नाही. विचारलं तर सांगेन.

२१ मार्च

आमच्या बाजूला जास्त मशीनं निघाली. मर्यादा गेली. लेक फोनवर एवढंच म्हणाली, "ठीक आहे, आता बघू." पडेल आवाज होता. मुलांना हरायचीही सवय हवी.

लोक काय काय लिहितायत. एकाने मेलेल्या कुत्र्याचा फोटो ठेवलाय आणि खाली त्याचे सगळे गुण लिहिलेत, त्यात चपला पळवणं हासुद्धा एक. मीही दुकानाबाहेर पाटी लावली: पितळेवर आणि नेटवर्कवर कोरून मिळेल. पहिलं गिऱ्हाईक पलीकडची बेकरीवाली. तिच्या आईच्या तोंडचं वाक्य लिहून घेतलं तिने: "पीठ थांबतं, गिऱ्हाईक थांबत नाही." लिहून झाल्यावर पडद्याकडे बघत डोळे पुसत उभी राहिली. ती गेली आणि मी बराच वेळ नुसता बसून होतो. फार बरं वाटलं. या वयात नवं काम जमतंय.

२ एप्रिल

आज भिंगरी घरी आली तो दिवस. वाढदिवस वेगळा, तो जानेवारीत असतो. आजच्या दिवशी ही काहीतरी गोड करते आणि लेकीकडे डबा जातो. का, ते आम्हा चौघांनाच माहीत. भिंगरीला वाटतं आजीला वर्षातून एकदा उगीच हुक्की येते. लेक म्हणते, योग्य वेळ आली की सांगणार. गेल्या वर्षी हेच म्हणाली होती, त्याच्या आदल्या वर्षीही. तो तिचा प्रश्न, मी मध्ये पडत नाही.

मी फक्त माझ्यातर्फे एक भेट केली. नेटवर्कवर कोरून ठेवली. वर भिंगरीचं शाळेतलं पूर्ण नाव आणि खाली मजकूर:

"दोन महिन्यांची होतीस. संस्थेच्या पायरीवर तुझ्या आईने तुला पहिल्यांदा उचललं. तू तिचं बोट धरलंस ते गाडीत बसलो तरी सोडलं नाहीस. त्या दिवसापासून या घरात उजेड आहे. तुझा आजोबा."

सोबत त्या दिवसाचा फोटो. मागे दत्तक संस्थेची पाटी आलीय. अक्षरं इतकी वाईट आहेत की कापून टाकावीशी वाटली, पण मग लेकीचा खांदा कापला जात होता, म्हणून राहू दिली.

कोणाला बोललो नाही. भिंगरी मोठी झाली, लग्नाबिग्नाची झाली की दाखवीन. तोवर ते तिथे सुखरूप आहे. एवढ्या ढिगाऱ्यात कोण कशाला शोधायला जातंय. मजकूर चारदा लिहून पाहिला होता, एकही शब्द इकडचा तिकडे करावा असा नाही. आज झोप छान लागेल.

१६ एप्रिल

हरामखोर लोक.

कोणीतरी नेटवर्कवर घाण आणून टाकलीय. फोटो आहेत, आणि कसले ते मी या वहीत लिहिणार नाही. ज्या दोन ओळी वाचल्या त्यावरून कळलं आणि पुढे बघितलं नाही. ते सगळं आता माझ्या मशीनमध्ये आहे. माझ्या दुकानात, ढालींच्या शेजारी, जिथे शाळेची मुलं येतात. परगावी एका मशीनवाल्याला पोलिसांनी बोलावून विचारलं म्हणे, हे तुमच्याकडे कसं? तो काय सांगणार, आपोआप आलं?

लेकीला फोन केला. म्हटलं, काढ ते. ती म्हणाली, "बाबा, काढता आलं असतं तर मी एवढी भांडले असते का?"

ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. मशीन बंद केलं. डॉक्टरनेही केलं. नवीन आवृत्ती घातल्याचं मी आज तिला सांगितलं. तिला माहीत होतं.

२१ एप्रिल

आज मात्र खूप हसलो. देव वाईटातही एखादा घास गोड ठेवतो.

कोणीतरी इंटरनेटवर एक पान काढलंय, त्यात नाव टाकलं की नेटवर्कवर त्या नावाने काय काय लिहिलंय ते सगळं समोर येतं. डॉक्टरने स्वतःचं नाव टाकून पाहिलं. निघालं काय, तर त्याच्या एका पेशंटने लिहून ठेवलंय: "या डॉक्टरने माझी चांगली दाढ उपटली आणि दुखणारी तशीच ठेवली." दवाखान्याच्या पत्त्यासकट. डॉक्टर लालबुंद होऊन दुकानात आला.

"त्याची ती दाढ आज ना उद्या जाणारच होती," तो म्हणाला.

"मग झालं तर. थोडी आधी गेली."

"तुम्हाला हसू येतंय. माझी नातवंडं वाचतील हो हे."

मी त्याला पाणी दिलं. आपल्याला नाही असली काळजी. मी लोकांच्या दाढा उपटत नाही.

तो गेल्यावर सहज म्हणून दुकानातल्या कॉम्प्युटरवर भिंगरीचं नाव टाकून पाहिलं. लगेच आलं, फोटोसकट, एकदम वर. स्वच्छ दिसत होतं. हिला खाली बोलावून दाखवलं.

हिने वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "कोणीही नाव टाकलं की येतं हे?"

"कोणीही. बघ ना किती सोपं केलंय."

"कोणीही म्हणजे भिंगरीनेसुद्धा?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. ही वर निघून गेली.

मी गाढव आहे. हे आज या वहीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतो.

२२ एप्रिल

रात्रभर डोक्यात एकच. पितळेवर अक्षर चुकलं तर त्यावर इलाज आहे. पाटी पालथी घालायची, मागून हलके ठोके देऊन तिथला धातू वर आणायचा, मग घासायचा आणि पुन्हा कोरायचं. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. म्हणजे चूक मागून दुरुस्त करायची असते. याला मागची बाजू कुठली?

लेकीला फोन केला. म्हटलं, "समजा हं, एखाद्याने चांगल्या मनाने काही लिहिलं आणि मग त्याला वाटलं की नको होतं..."

"कोणी, डॉक्टरने?"

"समजा डॉक्टरने."

"तर जितकी मशीनं आहेत तितक्या लोकांना हात जोडायचे. आणि त्यांनी ऐकलं तरी त्यांची मशीनं बाकीच्यांशी जुळणार नाहीत, मग ती मशीनं ती नोंद परत घेणारच. काही होत नाही, बाबा. त्यांना सांगा, लोक विसरतात."

हात जोडायचे, हे मला पटलं. मशीनवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर सभ्य भाषेत विनंती टाकली: अमुक तारखेची, अमुक क्रमांकाची नोंद कृपया सर्वांनी आपापल्या मशीनमधून काढून टाकावी, घरगुती कारण आहे, उपकार होतील. क्रमांक अचूक दिला, म्हणजे कोणाला शोधाशोध नको.

लोक चांगले आहेत. पाच मिनिटांत तिघांनी कळवलं की उघडून पाहिली.

२३ एप्रिल

दुपारपर्यंत शे-दोनशे लोकांनी उघडून पाहिली. काढली कोणीच नाही. एकाने लिहिलं, "आजोबा, वाचून डोळे भरून आले." त्या शोधाच्या पानावर आज सर्वात जास्त वाचलं गेलेलं म्हणून आपलाच फोटो पहिला आहे. लेकीचा खांदा, ती पायरी, ती भिकार अक्षरांची पाटी.

न उघडता काढा, असं मी विनंतीत लिहायला हवं होतं. किंवा विनंतीच नको होती. मी बोट दाखवून सगळ्या गावाला सांगितलं, इथे बघू नका.

संध्याकाळी भिंगरीचा फोन. "आजोबा, आमच्या कॉम्प्युटरच्या तासाला आता नावं शोधायची आहेत. एकाच्या बाबांनी लिहिलेलं निघालं. सोमवारी आमच्या रांगेची पाळी. माझं काही असेल का हो?"

"अभ्यास झाला का?" मी विचारलं.

"आजोबा, मी काय विचारतेय?"

मी तिला म्हटलं आजी हाक मारतेय. आजी समोरच बसून गवार मोडत होती.

२५ एप्रिल

लेकीला बोलावून घेतलं आणि सांगितलं. सगळं. विनंतीचंही.

ती ओरडली नाही. दुकानातल्या स्टुलावर बसली आणि माझी कोरणी हातात घेऊन फिरवत राहिली. लहानपणी रागावली की हेच करायची आणि मी म्हणायचो ठेव ती, लागेल. आज नाही म्हणालो.

"तिची गोष्ट होती ती, बाबा," ती म्हणाली. "माझीसुद्धा नव्हती. मी फक्त सांभाळत होते तिच्यासाठी. तुम्ही वाटलीत."

मी म्हणालो, "मजकूर चांगला आहे पण." हे का म्हणालो देव जाणे.

ती हसली की रडली ते नीट कळलं नाही, नाक मात्र पुसलं. ही जिन्यात उभी होती. तिथूनच म्हणाली, "ह्यांनी गाढवपणा केला तो केलाच. पण तू किती वर्षं सांभाळणार होतीस? दरवर्षी मी गोड करते आणि ती पोर विचारते, आजी आज काय आहे, आणि मी खोटं बोलते. मलाही कंटाळा आला."

लेकीने कोरणी फिरवायची थांबवली. मग म्हणाली, "रविवारी सांगते. सोमवारच्या आत. इथेच सांगते, तिला हे दुकान आवडतं."

जाताना कोरणी जागेवर ठेवून गेली.

२७ एप्रिल, रविवार

मी, ही आणि जावईबापू बाहेर बाकावर. लेक आणि भिंगरी आत. मध्ये काचेचं दार, त्यावर मीच कोरलेलं दुकानाचं नाव, त्यामुळे नीट दिसतही नव्हतं. ज्या अक्षरांचा मला एवढा अभिमान, ती आज मध्ये मध्ये येत होती. जावईबापूंनी एकदाही घड्याळ बघितलं नाही, फक्त गुडघा हलवत राहिले. आज त्यांना बाजू घ्यायला जेवणही नव्हतं.

आत भिंगरी स्टुलावर होती आणि स्टूल फिरत नव्हतं.

मग ती बाहेर आली. रडलेली होती, पण फार नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"सगळ्यांनी वाचलं?"

"खूप जणांनी."

"म्हणजे मला सर्वात शेवटी कळलं."

मी म्हणालो, "हो बाळा. चुकलं माझं. तुला पहिलं कळायला हवं होतं."

तिने विचार केला. तिला विचार करताना एका जागी उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाली, "दाखवा."

लेकीने तिच्या फोनवर ते पान उघडून फोटो दाखवला. भिंगरीने तो मोठा केला. आईचं बोट, आपली मूठ, मग आईचं तोंड. बराच वेळ आईचं तोंडच बघत होती. "आई, तू किती रडतेयस यात," ती म्हणाली. "आणि हसतेयस पण." मग जाऊन आईच्या मांडीवर बसली. तिसरीतली मुलगी, पाय जमिनीला टेकतात, तरी बसली.

मग माझ्याकडे वळून, "आजोबा, आता यापुढे माझ्याबद्दल काहीही लिहायचं तर मला विचारून लिहायचं."

"कबूल."

"पाटीवर पण."

"पाटीवर पण."

ही आत गेली आणि काहीतरी गोड करायला घेतलं. तारीख कुठलीच नव्हती.

१० मे

बरेच दिवस वही उघडली नाही. कामं होती. शाळांच्या ढाली आल्यात आणि डॉक्टरने दवाखान्याची नवी पाटी करायला टाकलीय. नावाखाली "योग्य दाढ काढून मिळेल" असं कोरू का विचारलं तर दोन दिवस बोलला नाही.

मर्यादा परत येतेय. लेकीच्या लोकांनी पुन्हा नवी आवृत्ती काढली, टीप दोन ओळींचीच. घाण आत आल्यापासून पुष्कळांचे डोळे उघडलेत. मी मशीन चालू केलं ते ही आवृत्ती घालायलाच, डॉक्टरनेही घातली. आधीचं जे आत गेलंय ते तिथेच राहणार, घाणही आणि माझं उजेडाचं वाक्यही, एकमेकांपासून हातभर अंतरावर. पुढचं तरी थांबेल. बाहेरच्या पाटीवरचं "नेटवर्कवर" मी घासून काढलं. बेकरीवाली म्हणाली, तिच्या आईचं वाक्य आता पितळेवर हवं, भट्टीजवळ लावायला. तिला फुकट करून देणार आहे.

त्या सोमवारी वर्गात काय झालं ते लेकीने सांगितलं. भिंगरीने स्वतःच नाव टाकलं, स्वतःच वाचून दाखवलं आणि म्हणाली, हे माझे आजोबा, ते कुठेही लिहितात. मुलांनी विचारलं बोट खरंच सोडलं नाहीस का. ती म्हणाली, मला काय आठवतंय, मी दोन महिन्यांची होते.

आज दुपारी ती एकटीच दुकानात होती. मी काम करत होतो आणि ती स्टुलावर गरगर फिरत होती, पहिल्यासारखी. मध्येच थांबली आणि त्या फोटोबद्दल, त्या पायरीबद्दल मला एक गोष्ट म्हणाली. अगदी साधी. मी कोरणी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत लोकांची इतकी वाक्यं कोरली, पण असं एकही माझ्याकडे कोणी घेऊन आलं नव्हतं.

संध्याकाळी तिला विचारलं, "हे मी माझ्या वहीत लिहू का? वही फक्त माझी आहे, कोणी वाचत नाही."

तिने थोडा विचार केला आणि नको म्हणाली.

म्हणून नाही लिहीत.